फी भरून फुगडी

आमच्या घरात त्या काळी जमिनीवरून उठून उभं राहणं हेच आईचं दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. वडील मागावर साड्या विणायचे. छातीच्या दुखण्यानं ते गेले आणि दुखण्यापायी माग विकावा लागला. रहाट तेवढा घरात राहिला. त्या रहाटावर आई दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची, उजाडल्यापासून दिवा लागेपर्यंत, एका जागी बसून. उठायची वेळ आली की आधी भिंतीला हात, मग गुडघ्याला हात, मग "अगं माय वं" आणि मग कुठं आई उभी. बुरहानपूरच्या राजपुऱ्यातल्या आमच्या खोलीत भिंतीचा तेवढा भाग तिच्या हातानं काळा पडला होता.

मी मॅट्रिक झाले ती मागून आणलेल्या पुस्तकांवर. आमच्या घराण्यात त्याआधी सही करणारे एकटे मोठे काका. मी कॉलेजात नाव घातलं आणि त्याच वर्षी आईची कंबर धरली. कांड्या कमी भरायला लागल्या. मोठे काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, मंडीत कापसाची दलाली करायचे. माणूस वाईट नव्हता. आमच्याकडे येऊन त्यांनी सरळ हिशेबाचं बोलणं केलं. "हिच्यानं आता बसवत नाही. पोरीले रहाटावर बसव. खकनारकडचं एक स्थळ हाय, केळीचे बाग हायत त्यांचे. ते लोक येतील तवर पोरगी कांड्या भरंल."

आई थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून बसायची, बोलायची नाही. मी रहाटाकडं बघितलं आणि मला समजलं की आईची कंबर उभी राहिली तरच माझं कॉलेज उभं राहणार.

अशा दिवसांत बाई आमच्या घरी आल्या.

बाई मुलींच्या शाळेत आम्हाला ड्रिल शिकवायच्या. गाव त्यांना ड्रिलबाईच म्हणायचं. नऊवारी लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलेलं, पायात खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी. रस्त्याच्या कडेनं चालणं त्यांना माहीत नव्हतं. मधून चालायच्या, आणि समोरून बैलगाडी आली की गाडीवाल्याला शिट्टी मारून "बाएँ मुड!" म्हणायच्या. बैल ऐकायचे. मावा जिलबी त्यांना फार आवडायची. दुकानासमोर उभ्यानं खायच्या आणि शेजारी कुणी सुटलेल्या अंगाची बाई जिलबी बांधून घेत असली तर तिला म्हणायच्या, "मी खाते कारण मी हलते. तुम्ही कशाच्या जोरावर खाता?"

नवा मध्यप्रदेश झाला त्याच सुमारास त्या निवृत्त झाल्या. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, शाळेत हुकूम आला की ड्रिलच्या आज्ञा हिंदीत द्या. मराठी मास्तर लोक पारावर बसून आपलं आता कसं होणार म्हणायचे. बाईंना कुणी विचारलं तर म्हणायच्या, "सावधान आधीही सावधान होतं, आताही सावधानच आहे. ज्यांना उभंच राहायचं नाही त्यांना भाषेची अडचण."

निवृत्तीनंतर त्यांनी एक वर्ग काढला. गावात असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. चाळिशी उलटलेल्या बायकांसाठी फुगडी, झिम्मा आणि पिंगा, आणि तेही पैसे घेऊन. होळीनंतर कापूस-सरकी वेगळी करायचं जिनिंगचं काम थंड पडतं, जिनाचं गोदाम रिकामं असतं. ते गोदाम त्यांनी भाड्यानं घेतलं. तिथं वर्ग भरायचा, दिवाळीला जिन सुरू होईपर्यंत.

गाव हसलं. फुगडी कुठं शिकायची असते? आणि फुगडीला पैसे? बाईंचं म्हणणं पक्कं होतं. "फुकट बोलावलेली बाई उशिरा येते आणि लवकर जाते. पैसे भरलेली बाई पोळ्या भरभर लाटून वेळेवर येते." महिन्याची फी आगाऊ. कुणाला माफ नाही, कुणाला उधार नाही, आणि भरलेली फी परत नाही. चाळिशीच्या आतल्यांना दारातच अडवायच्या. म्हणायच्या, "चाळिशीपर्यंतचं शरीर आईबापांनी दिलेलं असतं. तिथून पुढचं आपलं आपण कमवायचं."

आमच्या उंबऱ्यात उभं राहून त्या आईला म्हणाल्या, "उद्यापासून जिनाच्या गोदामात यायचं. फी घेऊन यायचं."

आई कशीबशी उठत होती. "बाई, मले चाळीस झाले का नाही, मलेच ठाऊक नाही."

"उठताना गुडघे वाजतात?"

"वाजतात."

"मग झाले."

आई हसली. वडील गेल्यापासून ती हसलेली मी तेव्हाच पहिल्यांदा बघितली. पण लगेच तिचा चेहरा उतरला. "पांढऱ्या कपायाची बाई मी. मी फुगडी घालू? आखाजीले मी दारात बी उभी राहत नाही, बाई."

हे जरा सांगायला हवं. आखाजी म्हणजे आमच्याकडं बायकांचा सगळ्यात मोठा सण. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, फुगड्या घालतात. नवरा गेलेल्या बाईनं त्या खेळात हात घालायचा नाही. तिनं घरात बसायचं, खेळून आलेल्यांना पाणी द्यायचं. कुणी सांगावं लागत नसे. बायका आपल्या आपण मागं सरायच्या.

बाई म्हणाल्या, "आखाजीची फुगडी देवाची. तिथले नियम देवाचे. तिथं मी बोलत नाही. माझ्या गोदामातली फुगडी फीची आहे. फी भरली की तो सण राहत नाही, तो वर्ग होतो. आणि वर्गात कुंकू तपासत नाहीत, हजेरी घेतात."

"मग फी माफ करा. आमचं काय चाललं हाय ते तुम्ही बघताच."

"नाही."

मला बाईंचा राग आला. पण आईनं मान हलवली आणि म्हणाली, "बरोबर हाय. फुकट आली तर लोक म्हणतील दयेनं खेळवतात. भरते मी."

आईनं त्या महिन्यात चहा सोडला. दुसऱ्या दिवशी मी तिचा हात धरून तिला गोदामापर्यंत नेलं. दारात बाईंनी मला हातानं अडवलं. "तू कुठं? चाळिशीची झालीस की ये." मग मी बाहेर जिनाच्या ओट्यावर बसून अभ्यास करायची आणि सरकीच्या वासात वर्ग सुटायची वाट बघायची. उकाड्यामुळं दार उघडंच असायचं. दिसायचं सगळं.

पहिल्याच दिवशी बाईंनी आईला तराजूत बसवलं.

गोदामाच्या तुळईला कापसाची गाठोडी तोलायचा मोठा तराजू टांगलेला होता, दोन्हीकडं फळ्यांच्या तागड्या. फुगडीत दोघींचं वजन सारखं नसेल तर हलकी बाई फेकली जाते. म्हणून बाई एका तागडीत एक बाई बसवायच्या, दुसऱ्या तागडीत दुसरी. दांडी सरळ आली की जोडी ठरली. कोण कुणाच्या घरची, हे तराजूला कसं कळणार? एका गुजराती सेठाणीची दांडी जुळली ती तिच्याच घरी दूध घालणाऱ्या गवळणीशी. सेठाणी म्हणाली, "बाई, हिच्या हातात हात?" बाई म्हणाल्या, "दूध चालतं ना तिच्या हातचं? मग हात पण चालेल. आणि दुसरी जोडीदारीण हवी असेल तर तितकं वजन उतरवून या." सेठाणीनं हात दिला. पुढं दोघी एकमेकींशिवाय खेळत नसत, आणि दुधात पाणी असल्याचं भांडण त्या गिरक्या घेत घेत करायच्या.

आईची दांडी जुळली ती एका सिंधी मावशीशी. फाळणीनंतर तिकडून सगळं सोडून आलेली, छावणीत राहून मग बाजारात पापडांचं दुकान टाकलेली. दोघी वाळल्या काटकीसारख्या. तागड्यांत समोरासमोर बसल्या, पाय लोंबत होते. मावशी आईला म्हणाली, "बहन, तुम्हारा भी सब उतर गया लगता है."

आईला हिंदी पुरती यायची नाही. ती म्हणाली, "हो ना. आता काय बाकी हाय उतरायले."

बाईंची शिट्टी वाजली. "गप्पा तराजूखाली उतरून!"

लगेच फुगडी नव्हती. आधी गोदामात नुसतं चालणं. मग झिम्मा, खांदे मोकळे व्हायला. मग पिंगा, कमरेला. बसफुगडी फार पुढं, गुडघ्यांची खात्री झाल्यावर. बायकांना डावं-उजवं पटकन कळत नसे. बाईंनी त्यावर तोड काढली होती. "जेवणाचा हात वर! धुण्याचा हात खाली!" ही आज्ञा ऐकून पहिल्यांदा सगळ्या बायका तोंडाला पदर लावून खाली बसल्या. हसून हसून उठवेना. बाई तशाच ताठ. "हसून झालं? हसण्यानं पोट हलतं. तेही फीमध्ये आहे."

आई घरी आली की दुखण्यानं कण्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. एकदा मी म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, "पैसे भरलेत वं, फुकट घालू का?" मग हळूहळू कण्हणं कमी झालं. रहाटावर बसून मधेच ती खांदे फिरवायची. एक दिवस मी कॉलेजातून आले तर ती माळ्यावरचं पितळेचं भांडं काढत होती, टाचा उचलून उभी राहून. मी दारातच थांबले. तिला हाक मारली नाही.

बाई स्वतः बालविधवा होत्या. गावाला हे माहीत होतं, पण त्यांच्या शिट्टीपुढं कुणी त्याचा उच्चार करत नसे. एकदा पाणी पिताना आईनं त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही इतक्या फुगड्या शिकवता, तुमची स्वतःची कशी होती?" बाई म्हणाल्या, "मी कधी घातली नाही. सासर बघायच्या आधीच कपाळ पुसलं. आखाजीला बाकीच्या पोरी खेळायच्या, मला विहिरीच्या कठड्यावर बसवायचे. मी त्यांच्या गिरक्या मोजायची. बघून बघून मला सगळं आलं." एवढं बोलून त्यांनी शिट्टी मारली आणि झिम्म्याला उभं केलं. आईनं हे मला रात्रीच्या भाकरी थापताना सांगितलं, आणि त्या दिवशी तिच्या भाकरी करपल्या.

मोठ्या काकांना कळलंच. बुरहानपुरात काही लपत नाही. पावसाळ्याच्या दिवसांत एका संध्याकाळी ते छत्री घेऊन गोदामाच्या दारात आले. मी ओट्यावरून उठले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"आमच्या घरची बाई हाय आत. तिले बाहेर बोलवा."

आतला झिम्मा थांबला. आईनं पदर कपाळावर ओढला आणि मावशीच्या मागं सरकली.

बाई दारात आल्या. "वर्ग चालू आहे. सुटला की भेटा."

"कसला वर्ग? आमच्या घरची सून, भावाच्या मागं राहिलेली, फुगड्या घालते. समाजात आम्ही तोंड कसं दाखवायचं?"

"आखाजीला तिनं फुगडी घातली तर तुमच्या आधी मी तिला घरी आणून सोडीन. आज आखाजी आहे?"

"नाही."

"तिचं माहेर आहे हे?"

"नाही."

"कुठं झोका बांधलाय?"

काकांनी आत वाकून बघितलं. तुळईला टांगलेल्या तराजूत सेठाणी एका तागडीत आणि गवळण दुसऱ्या तागडीत बसून वरखाली होत होत्या. महिन्याच्या महिन्याला जोड्या पुन्हा तोलल्या जायच्या.

"मग ते काय हाय?"

"तो तुमच्या धंद्याचा तराजू आहे. कापूस तोलताना तुम्ही त्याला झोका म्हणता का?"

आत कुणीतरी फिसकन हसलं. काका चिडले, पण तराजूवर दलाल काय बोलणार? त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा बाई, वाद नको. तिचे पैसे वापस करा, मी तिले घेऊन जातो."

"भरलेली फी परत नाही."

"महिन्याचे काही दिस बाकी असतील तर तेवढे?"

"तेवढेही नाही."

"आजारी पडली, समजा?"

"तरी नाही. मेली तरी वारसांना नाही."

काकांनी छत्री मिटली, परत उघडली. मी त्यांना मंडीत पाहिलं होतं. सौद्यात आगाऊ दिलेला बयाणा बुडणं म्हणजे त्यांच्या लेखी पाप. त्यांच्या कपाळावर समाज एकीकडं आणि भरलेले पैसे दुसरीकडं असं चाललेलं मला स्पष्ट दिसत होतं.

"महिना सरतो कधी?"

"अमावास्येला."

"मंग अमावस्येपर्यंत येऊ द्या तिले. पैसे कशाले बुडवायचे?" असं म्हणून ते गेले.

बाई आत वळल्या. आई अजून मावशीच्या मागंच होती. तिला वाटलं, अमावास्येला सगळं संपलं. बाई तिला म्हणाल्या, "पुढच्या महिन्याची फी अमावास्येच्या आधी भरायची. एवढंच."

तसंच झालं. काका अमावास्येनंतर आले तेव्हा आईची फी भरलेली होती. ते चडफडले, "पुन्हा भरले?" आणि पुन्हा महिन्याची मुदत देऊन गेले. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. मग त्यांनी येणं सोडलं. पुढच्या वर्षी होळीनंतर वर्ग उघडला तेव्हा मोठी काकूच वर्गात हजर. तिचे गुडघे काकांनाच रात्री चोळावे लागत होते म्हणे. तिची दांडी बरेच दिवस कुणाशीच जुळेना, तेव्हा बाई तिला एकटीला गोदामात चालवत आणि काका बाहेर छत्री धरून वाट बघत.

काकूमुळं घरातलं बोलणं मऊ झालं, पण खकनारचं स्थळ अजून होतं. ते लोक निरोप पाठवत होते. मी बाईंकडं गेले. रडले नाही, विचारलं, काय करू? त्या बुटांना खडू फासत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या काकांना लग्न समजतं, शिक्षण समजत नाही, पण आगाऊ भरलेली फी समजते. कॉलेजची फी हप्त्यानं भरतेस?"

"हो."

"वर्षाची एकदम भर."

आईनं जास्तीच्या कांड्या घेतल्या. आता तिला बसवत होतं आणि उठवतही होतं. सिंधी मावशीनं तिला पापड लाटायचं कामही दिलं. वर्षाची फी भरली आणि आईनं, पदराआडून का होईना, पहिल्यांदा दिरासमोर तोंड उघडलं. "पोरीची सालाची फी भरली हाय. परत नाही मिळत."

काकांनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "ह्या घरात आता समदे आगाऊच भरू राह्यले." आणि खकनारला कळवलं, साल सरू द्या. साल सरलं की आम्ही पुढचं भरायचो. एवढं थांबेल कोण? त्या मुलाचं दुसरीकडं लग्न झालं. चांगली माणसं होती, लग्नाला केळीचे घड पाठवले त्यांनी आमच्याकडं.

माझं शेवटचं वर्ष होतं. भाद्रपद लागला तेव्हा आई फी भरायला गेली आणि बाईंच्या हातावर तिनं दुप्पट पैसे ठेवले. मी दारात होते.

"हे कुणाचे?"

"तुमचे."

"मी शिकवते. मी फी भरत नाही."

"तुम्ही फी भरली नाही म्हणून तर तुम्हाले फुगडी घालता येत नाही. मी भरली तुमची."

बाईंनी पैशांकडं बघितलं. त्यांचा हात शिट्टीकडं गेला, पण शिट्टी वाजली नाही. मग त्यांना एक वाट सापडली. "जोडी तोलल्याशिवाय खेळ नाही. हा नियम आहे."

"चला ना मंग."

सिंधी मावशीनं आणि गवळणीनं तराजू धरला. बाई एका तागडीत बसल्या, पांढरे बूट जोडून, शाळेतल्या मुलीसारख्या ताठ. आई दुसऱ्या तागडीत. दांडी बाईंकडं झुकली. हाडापेरानं त्या मोठ्या होत्या.

बाई घाईनं उतरल्या. "बघा. नाही जमत. वजन नाही जमत." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. हुकूम देणारा आवाज नव्हता तो. "घ्या तुमचे पैसे."

आई म्हणाली, "भरलेली फी परत नाही मिळत, बाई."

सेठाणी सगळ्यात आधी हसली. मग सगळ्याच. बाईंनी पैसे मुठीत धरले होते, ते काकूकडं दिले. बूट काढले. इतक्या वर्षांत त्यांचे पाय कुणी पाहिले नव्हते, लहानखुरे, गोरे, ऊन न लागलेले. आईनं हात पुढं केले, एकावर एक, अढी घालून. बाईंनी ते कसे धरायचे हे शेकडो बायकांना शिकवलं होतं, आणि त्यांना स्वतःला धरता येईनात. आईनं त्यांची बोटं एकेक करून आपल्या हातांवर बसवली.

"पायाला पाय लावा. मागं रेला. मी हाय."

सुरुवातीला त्या अडखळल्या. वजन सारखं नव्हतं, आई दोनदा ओढली गेली. पण तिनं हात सोडले नाहीत. मग फुगडीनं वेग धरला. बाईंचा अंबाडा सुटला, पांढरे केस उडायला लागले, शिट्टी गळ्याभोवती गरगर फिरून पाठीवर गेली. सिंधी मावशी टाळ्या देत तिच्या भाषेतलं काहीतरी गायला लागली, आणि बाकीच्या आखाजीचं गाणं म्हणायला लागल्या, दोन्ही एकमेकांत मिसळलं. गिरक्या कुणी मोजल्या नाहीत.

थांबल्यावर बाई खाली बसल्या आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून धापा टाकत राहिल्या. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. धाप बसल्यावर बाई म्हणाल्या, "तुमचं रेलणं कमी पडतं. उद्या सुधारा."

"हो बाई," आई म्हणाली.

त्या वर्षी मी बी. ए. झाले. आमच्या घराण्यातली पदवी घेणारी मी पहिली. पुढं गावातल्याच मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली आणि आईनं कांड्या भरणं सोडलं. वर्ग तिनं सोडला नाही.